सूट स्पेशालिस्टचा पायजमा

माझ्या दुकानावर 'सूट स्पेशालिस्ट' अशी पाटी आहे. ती इंग्रजीत आहे, त्यामुळे मला स्वतःला ती कधी धड वाचता आली नाही. पण रंगवणाऱ्याने वाचून दाखवली आणि माझा त्याच्यावर विश्वास बसला. पाटी चढवली त्या दिवशी मी रस्त्यापलीकडे जाऊन तिच्याकडे इतका वेळ बघत उभा राहिलो, की मागच्या सायकल दुरुस्तीवाल्याने विचारलं, "पंक्चर आहे का?"

या स्पेशालिस्टच्या हातून आजवर दीड सूट झाला. अर्धा सूट म्हणजे दुकानाच्या काचेत टांगलेला काळा कोट. ज्याने शिवायला टाकला तो माप देऊन गेला तो गेलाच. कोट मात्र उन्हात राहून एका खांद्यावर तपकिरी झालाय. आणि एक पूर्ण सूट मी माझ्या मेव्हण्यासाठी शिवला होता. त्याची गोष्ट पुढे येईलच. मी नाही सांगितली तरी माझी बायको सांगेल.

बाकीचा जन्म पायजम्यात गेला.

दुकान हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर आहे. ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो ते फक्त कोट शिवायचे. "खांदा जमला की कोट जमला," असं म्हणायचे आणि खांदा जमेपर्यंत जेवायला उठायचे नाहीत. त्यांच्याकडून बाहेर पडून मी स्वतःचं दुकान थाटलं तेव्हा माझ्या डोक्यात नुसते खांदे होते. आणि पहिला माणूस आत आला तो हॉस्पिटलचा स्टोअरकीपर. पेशंटसाठी पायजमे हवे होते, निळ्या पट्ट्यांचे, घाईने. म्हटलं, सूटचं गिऱ्हाईक येईपर्यंत हात चालू राहील. हात चालू राहिला. गिऱ्हाइकाचं तेवढं राहून गेलं.

पेशंटच्या पायजम्याला माप नसतं. सगळ्यांना एकच. जाड्याने नाडी सैल सोडायची, बारक्याने आवळायची. त्याला पुढची बाजू नसते आणि मागचीही नसते; अर्धवट शुद्धीतल्या माणसाला कसाही चढवता यायला हवा ना. दोन पाय कापायचे, आसन जोडायचं, कमरेला कापड दुमडून नाडीसाठी नेफा शिवायचा, की संपलं. यात खांदा कुठे आहे? मी ते काम कायम नाक मुरडूनच केलं. दुकानात कुणी आलं की हातातला पायजमा मशीनखाली सरकवायचो आणि गळ्यात टेप अडकवायचो, जणू आत्ताच कुणा मोठ्या माणसाच्या छातीचं माप घेऊन बसलोय.

नेफ्यात नाड्या ओवायचं काम बायकोचं. ते करता करता तिने मला कितीदा सांगितलं असेल. "अहो, ही नाडी आत सरकते. मागच्या बाजूला मधोमध हाताने एक टाका घाला, नेफा आणि नाडी एकत्र धरून. मग कितीही ओढली तरी निसटायची नाही."

"ज्याला मागची बाजूच नाही, त्याच्या मागच्या बाजूला टाका कुठे घालू?"

"कुठल्याही एका शिवणीवर घाला. तीच मागची होईल."

"हाताचा टाका कोटाला असतो," मी म्हणायचो. "पायजम्याला हाताने टाका घालणारा शिंपी अजून जन्माला यायचाय. आणि पायजम्याला विचारतं कोण?"

ती पुढची नाडी ओवायला घ्यायची. आपला नवरा म्हणजे पालथा घडा आहे, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

मग मला हर्निया झाला. कापडाचे गठ्ठे उचलून उचलून झाला असेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे पायजम्यांनीच केला. समोरच्याच हॉस्पिटलात दाखल झालो. आयुष्यभर मागच्या फाटकातून स्टोअरमध्ये जायचो आणि तसाच परत यायचो, त्यामुळे वॉर्डात मला ओळखणारं कुणीच नव्हतं. सिस्टरनी घडी घातलेला एक पायजमा हातात दिला आणि म्हणाल्या, "काका, हा चढवा."

निळ्या पट्ट्या. नेफ्यावरची माझीच शिलाई. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. मी मेलो नव्हतो, तरी मला दिसायला लागला.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी बदलताना मी आधी टाके बघून घेतले. डॉक्टरांचा हात चांगला होता. टाक्याला टाका लागून, एका रेषेत. उस्तादांनीही खोट काढली नसती. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी थोडं चालायला सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदा वॉर्डाकडे नीट बघितलं. जो तो एका हाताने कंबर धरून चालत होता. मला वाटलं, सगळ्यांना हर्नियाच आहे की काय. मग मी उठलो, चार पावलं टाकली, नाडीची गाठ सुटली आणि तिचं एक टोक सुळकन नेफ्यात गेलं. मीही कंबर धरली. वॉर्डाला आणखी एक मिळाला.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त इंग्रजीचे सर होते. उंच, बारीक, हॉस्पिटलच्या खाटेवरही भांग पाडलेले. पित्ताशयात खडे झाले होते, ऑपरेशन व्हायचं होतं. मी कंबर धरून आलो तेव्हा ते मांडी घालून बसले होते, पायांवर चादर, हातात पायजमा, आणि टूथब्रशच्या दांड्याच्या भोकात नाडी अडकवून ते ती नेफ्यातून पुढे सरकवत होते.

"सेफ्टी पिन नाही मिळायची," ते मला म्हणाले. "एक पिन कधीतरी लाँड्रीच्या मशीनमध्ये गेली, तेव्हापासून बंदी आहे. चिकटपट्टी लावून बघितली, ती कापडाला सोडून मलाच चिकटते. टूथब्रशवर भागवायचं. तुमचा ब्रश भोकाचा आहे ना?"

"आहे."

"मग दिवस निघतील. तुम्ही काय करता?"

"टेलर आहे."

सरांनी पायजमा माझ्यासमोर धरला. "मग तुम्हीच सांगा. हे ज्याने शिवलंय, त्याला काय म्हणायचं?"

"शिकाऊ असेल कुणीतरी."

"शिकाऊ? शिकाऊ माणूस घाबरून तरी नीट शिवतो. हा नालायक आहे."

"नालायकच," मी म्हणालो.

"याला एकदा इथे आणून झोपवला पाहिजे."

"खरंय, सर." मी झोपलो.

"तुम्ही काय शिवता?"

आता इथे सरळ माणूस सरळ बोलला असता. पण नालायक हे नाव मी नुकतंच एका आवाजात मंजूर केलं होतं, आणि ते स्वतःच्या डोक्यावर ठेवायला मन धजेना.

"सूट," मी म्हणालो. "स्पेशालिस्ट आहे."

त्या क्षणापासून सर मला 'टेलर' म्हणायला लागले, आणि तेही असं की मला उठून उभं राहावंसं वाटावं. आलेल्या गेलेल्याला सांगायचे, "हे सूट शिवतात." समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी मला डबल ब्रेस्टच्या कोटावर मत विचारलं. मी मत दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि माझी मूठ तर पायजमा धरून तशीही झाकलेलीच होती.

पाटीचं कौतुक सांगता सांगता माझ्या तोंडून निघून गेलं, की ती मला वाचता येत नाही. सरांना ते सोसलं नाही. निवृत्त मास्तराच्या शेजारी अडाणी माणूस झोपवणं म्हणजे उपाशी माणसासमोर ताट ठेवणं. म्हणाले, "रोज एक शब्द. उपयोगाचा. अंगावरच्या वस्तूपासून सुरुवात." आणि माझ्या अंगाकडे नजर टाकून म्हणाले, "पायजमा."

जगात इतके शब्द असताना! मी म्हटलं, "सर, आधी खाट घ्या ना."

"खाट पहिलीतली मुलं शिकतात. पायजमा. पी, वाय, जे, ए, एम, ए. त्यातल्या वायकडे लक्ष द्या, तिथेच सगळे पडतात. लिहा."

वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत मी लिहीत गेलो. जो शब्द पाटीवर यायला नको म्हणून मी जन्मभर जपलो, तो मी पानाच्या चारी बाजूंनी लिहिला. सर्वांत वाईट म्हणजे माझं अक्षर चांगलं आलं. सरांनी शेजारच्यांना दाखवलं. सूट शिवणारा हात आहे, म्हणाले.

तोवर लाँड्रीची पिशवी आली. मोठी पांढरी पिशवी, कुठल्याशा परदेशी संस्थेने दिलेली, तिच्यावर ठळक छापलेलं. मी नुकताच शिकलेला, म्हणून दिसेल ते वाचत सुटलो होतो. पी, ए, जे... "सर, यात वाय नाही."

सर खाटेवरून उतरले. एका हाताने कंबर, दुसऱ्या हाताचं बोट पिशवीवर. "सिस्टर! हे काय आहे?"

"पायजमे, सर."

"ते मला दिसतंय. हे लिहिलंय कसं?"

सिस्टर तरुण होत्या, कामात होत्या, आणि भीत नव्हत्या. "अमेरिकन तसं लिहितात, सर. ब्रिटिश वाय घालतात. दोन्ही चालतं."

"चालतं! घसरलेला पायजमाही इथे चालतोच. माझ्या वर्गात नसतं चाललं. निम्मे गुण गेले असते."

"आम्ही सगळं अमेरिकन पुस्तकांतूनच शिकलो," सिस्टर कपडे वाटता वाटता म्हणाल्या. "सगळं तसंच लिहितो. पेशंट बरे होतात, सर."

मला मौज वाटली. मी म्हणालो, "मुळात शब्द आपला. गोऱ्यांनी पायजमा नेला तो नेला, वर दोघांनी दोन तऱ्हेने शिवला, आणि शिंप्याला विचारलं कुणीच नाही." वॉर्ड हसला. सर हसले नाहीत. खाटेवर जाऊन वाकून बसले. मला वाटलं, खड्यांची कळ आली.

"टेलर," शेवटी ते म्हणाले. "उद्या माझं ऑपरेशन करणारा डॉक्टर माझा विद्यार्थी आहे."

"मग तर चांगलंच झालं."

"त्याचा काका अमेरिकेहून पुस्तकं पाठवायचा. पोरगं दिवसभर ती वाचायचं आणि तसंच लिहायचं. मी दर वेळी गुण कापायचो. ते लोक तसं लिहितात हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण माझ्या वर्गात नाही, म्हणजे नाही. एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, ती पुस्तकं जाळ, नाहीतर तुझं आयुष्यात काही खरं नाही." मग म्हणाले, "तो खाली मान घालून उभा होता आणि मी खुर्चीत बसलो होतो."

"विसरलाही असेल तो," मी म्हणालो.

"मी विसरलो नाहीये ना. उद्या सकाळी राउंडला येईल, बरोबर शिकाऊ डॉक्टर असतील. त्याने बसावं आणि मी उभं राहून सांगावं, की बाबा, तू बरोबर होतास. ऑपरेशनच्या आधी सांगायचंय. नंतरचं कुणी बघितलंय? पण टेलर, असं उभं राहून?" त्यांनी कमरेवरच्या मुठीकडे बघितलं. "माणसाने माफी मागावी आणि तेवढ्यात त्याचा पायजमा सुटावा, म्हणजे काय राहिलं? पोरं हसतील. हसावंच. मीही हसलो असतो."

मी छताकडे बघत पडून राहिलो. उपाय मला ठाऊक होता. एक टाका. सुई आणि वीतभर दोरा. वॉर्डात सुई होती ती फक्त टोचायची. कपड्याची सुई माझ्या घरी होती, आणि ती यायची तर बायकोबरोबर येणार. बायको आली, तिने हा पायजमा बघितला आणि ती गप्प बसली, असं या जन्मात तर शक्य नव्हतं. म्हणजे टाका घातला की सरांचा पायजमा राहणार आणि माझा सूट उतरणार.

खोटं कशाला सांगू, मी पुष्कळ पळवाटा शोधल्या. सरांना दोन पायजमे एकावर एक घालायला सांगावेत, हेही मनात आलं. पण मध्येच माझी नजर त्यांच्याकडे गेली. ते पडल्या पडल्या ओठ हलवत होते. उद्याची वाक्यं पाठ करत होते, आणि तेव्हाही मूठ कमरेवरच होती. मी फोन उचलला.

"अगं, भेटायला येताना सुई-दोरा आण. आणि इथे आल्यावर गप्प बस."

"का?"

"तूच म्हणत होतीस तो टाका घालायचाय."

तिने पुढचं ऐकलंच नाही, सुई शोधायला फोन ठेवून दिला.

भेटायच्या वेळेला ती आली. मला त्या पायजम्यात बघून तिने तोंडाला पदर लावला, पण बोलली नाही. सर चादर गुंडाळून बसले. मी त्यांचा पायजमा मांडीवर घेतला, मधली शिवण बोटांनीच चाचपली, नाडीची दोन्ही टोकं सारखी केली आणि नेफा धरून टाका घातला. सरांचे डोळे माझ्या हातावर होते. "टेलर! तुम्ही तर बघतसुद्धा नाही!"

"न बघता जमायला काय झालं," बायको म्हणाली. "सगळा जन्म हेच तर शिवलंय."

आणि मग बांध फुटला. "हा यांनीच शिवलाय. तो समोरच्यांचाही यांचाच. या हॉस्पिटलातला एकूण एक पायजमा यांचा. मी म्हणून म्हणून थकले, मागे एक टाका घाला, माणसं आजारी असतात, त्यांना कशाला कंबर धरायला लावता? तर म्हणे, पायजम्याला विचारतं कोण! आणि सूट? माझ्या भावाला शिवला होता एक. सवयीने त्याची पँट पायजम्यासारखी कापली, पुढून-मागून सारखी. बिचाऱ्याला बसताच येईना. ऑफिसच्या समारंभात पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा. साहेबांना वाटलं, काय नम्र माणूस आहे!"

वॉर्डात कुणी हसलं नाही. प्रत्येकाचा हात कमरेवर होता आणि प्रत्येकाची नजर माझ्यावर. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ऐकून होतो. हर्नियाच्या पेशंटला ती तेवढीही सवलत देत नाही.

सरांनी चादरीतल्या चादरीत पायजमा चढवला, नाडी बांधली, ओढून बघितली. मग म्हणाले, "टेलर, उभे राहा."

मी उभा राहिलो, एका हाताने माझा पायजमा धरून.

"हात पुढे करा."

मी मोकळा हात पुढे केला.

"दोन्ही."

मास्तरने हात पुढे करायला सांगितलं की करायचे, एवढं एक शिक्षण माझं शाळेत पक्कं झालेलं आहे. मी दोन्ही केले. पायजमा खाली गेला. नशीब, वरचा शर्ट लांब होता. शर्ट दुसऱ्या टेलरचा होता.

आधी सर हसले. पित्ताशय दाबून धरत, डोळे पुसत हसले, आणि मग सगळा वॉर्ड सुटला. मीही हसलो आणि टाके ओढले म्हणून ओरडलो. कुणीतरी म्हणालं, "आता आमचेही घाला." मग काय, जो तो चादर गुंडाळून बसला, आणि बायको एका खाटेवर, मी दुसऱ्या खाटेवर, असे आम्ही टाके घालत गेलो. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली, पण सिस्टरनी बायकोला उठवलं नाही. उलट पिशवीतले बाकीचे पायजमे आणून तिच्यापुढे ठेवले. माझा स्वतःचा राहिला तो राहिलाच. शिंप्याचाच तो.

सकाळी डॉक्टर आले. रुंद खांद्यांचे, चाळिशी लागलेले, मागे वह्या घेतलेली मुलं-मुली. सर खाटेवरून उतरले आणि उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे. कंबर मोकळी.

"सर, बसा ना," डॉक्टर म्हणाले.

"तू बस. मला बोलायचंय."

डॉक्टर खरंच स्टुलावर बसले. सर बोलले. काल पाठ केलेलं सगळं विसरले असावेत, कारण वाक्यं तुटत होती, पण आवाज वर्गातला होता. तू जे लिहायचास ते चूक नव्हतं. मी गुण कापले ते चूक होतं. पुस्तकं जाळ म्हणालो, ते तर फारच.

डॉक्टर ऐकत राहिले. मग म्हणाले, "खरं सांगू सर? गुणांचं मला आठवत नाही. पुस्तकांचं आठवतं. त्या दिवशी घरी जाऊन रडलो होतो." डॉक्टरांनी स्टूल जरा पुढे ओढलं. "पण त्याहून जास्त वेगळंच आठवतं. तुमचा शर्ट कधी बाहेर आलेला मी बघितला नाही. पाऊस असो, परीक्षा असो, शेवटचा तास असो. मी अजूनही वॉर्डात शिरण्याआधी शर्ट खोचतो, ते तुमच्यामुळे." आणि त्यांनी मागच्या मुलांकडे वळून सांगितलं, "बघा. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा माणूस कसा ताठ उभा आहे."

मला रडू आलं. हर्नियाच्या माणसाने रडू नये, ओढ बसते. तरी आलं. सूट शिवून मला जे हवं होतं ते हेच होतं की, माझ्या कपड्यात कुणीतरी असं उभं राहावं आणि लोकांनी बघावं.

"त्याचं श्रेय यांना," सर म्हणाले. "माझे टेलर."

"हो का?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय शिवता?"

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. सूट म्हणालो असतो तरी वॉर्डातलं कुणी मला उघडं पाडलं नसतं. एवढी मैत्री झाली होती.

"पायजमे," मी म्हणालो.

सरांचे खडे निघाले. ते घरी गेले, मीही आलो. पाटीखाली दुसरी पाटी करायला टाकली, तर रंगवणाऱ्याने विचारलं, स्पेलिंग काय? मला दोन्ही येत होती आणि दोन्ही सांगायची खुमखुमी होती. शेवटी म्हटलं, मराठीत लिही, आपलाच शब्द आहे. 'सूट स्पेशालिस्ट' तशीच राहू दिली. दीड सूट काही अगदीच खोटा नाही.

एका सकाळी सर दुकानात आले. शर्ट खोचलेला. त्यांनी आधी दोन्ही पाट्या वाचल्या, मग काचेतला कोट बघितला, त्याचा तपकिरी खांदा बोटाने चाचपला.

"खांदा जमलाय," ते म्हणाले.

मी गळ्यातली टेप काढली. "सर, तुम्हाला एक सूट शिवतो. मनापासून. नाही म्हणू नका."

"सूट घालून मी जाऊ कुठे? पायजमा शिवा, घरात घालायला. पण हॉस्पिटलसारखा सरसकट नको. माझ्या मापाचा हवा." आणि ते हात जरा बाजूला करून, ताठ, माझ्यासमोर उभे राहिले.

मी टेप उलगडली आणि तसाच थांबलो. इतके पायजमे शिवले, पण एकासाठीही मी कधी कुणाचं माप घेतलं नव्हतं. कुठून सुरुवात करायची, तेच कळेना.

"कमरेपासून घ्या," आतून बायको म्हणाली.